उघडे दार, रिकामे ताट

राजकीय साप्ताहिकाच्या पानावर सुमो कुस्तीविषयीचा लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. महागाई आणि बेकारीचे प्रश्न समोर असताना जपानी मल्लांची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. तथापि समता म्हणजे केवळ प्रवेशाचा हक्क, की त्या हक्काबरोबर उपजीविकेची हमीसुद्धा, हा आपल्या चळवळीतील जुना वाद आहे. आणि त्याचे आंतरराष्ट्रीय हौशी सुमोइतके स्वच्छ उदाहरण दुसऱ्या क्षेत्रात क्वचितच सापडेल. म्हणून हा प्रपंच.

सुमोचा मूळ नियम एखाद्या लहान मुलालाही पाच मिनिटांत समजतो. ४.५५ मीटर व्यासाच्या वर्तुळात दोन मल्ल समोरासमोर येतात. जो आधी वर्तुळाबाहेर जाईल, किंवा तळपायांखेरीज शरीराचा कोणताही भाग ज्याचा आधी जमिनीला टेकेल, तो हरला. लढत बहुधा काही सेकंदांतच संपते. परंतु या एकाच खेळाची आज दोन घरे आहेत. पहिले घर व्यावसायिक सुमोचे. ते जपान सुमो संघाच्या ताब्यात असून तेथे वर्षातून सहा वेळा, दर वेळी पंधरा दिवस चालणाऱ्या स्पर्धा होतात. मातीचा चौथरा, त्यावर टाकले जाणारे मीठ, शिंतो धर्माचे विधी आणि प्रचंड देहाचे मल्ल हे जे चित्र जगाच्या डोळ्यांपुढे आहे, ते या पहिल्या घराचे. दुसरे घर हौशी सुमोचे. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९९२ साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी टोकिओत पहिली जागतिक स्पर्धा भरली. हे घर जगाला फारसे ठाऊक नाही.

या दुसऱ्या घरात डोकावले तर एका अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तेथे काही सुखद गोष्टी आढळतात. व्यावसायिक सुमोत वजनगट नाहीत. शंभर किलोचा मल्ल दीडशे किलोच्या मल्लापुढे उभा केला जातो. हौशी सुमोने वजनगट केले. पुरुषांसाठी आरंभी ८५ किलोपर्यंतचा, ११५ किलोपर्यंतचा आणि त्यावरील असे तीन गट होते आणि त्यांच्या जोडीला सर्वांसाठी खुला गट होता. निसर्गाने दिलेल्या विषमतेला नियमाने आवर घालण्याचा हा प्रयत्न आहे, आणि त्याला समतेचे तत्त्व म्हणावयास माझी हरकत नाही. धार्मिक विधी येथे बहुतांशी वगळलेले आहेत. २००१ साली आओमोरी प्रांतातील हिरोसाकी येथे महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि तेव्हापासून स्त्रिया या रिंगणात हक्काने उतरत आहेत. २०२४ ची जागतिक स्पर्धा पोलंडमधील क्रोतोशिन या गावी झाली, २०२५ ची बँकॉक येथे. मंगोलिया, युक्रेन, पोलंड, जर्मनी, एस्टोनिया अशा देशांतील मल्ल या स्पर्धांत जपान्यांच्या बरोबरीने उतरतात. कोणत्याही देशाचे, कोणत्याही लिंगाचे माणूस येथे मवाशी, म्हणजे सुमोचा जाड लंगोट, कसून उभे राहू शकते. स्त्रिया तो अंगाबरोबर बसणाऱ्या क्रीडावेषावर बांधतात, एवढाच फरक.

हे दार कसे उघडले, याचा शोध घेणे उद्बोधक आहे. कोणा सुधारकाच्या अंतःकरणास पाझर फुटला म्हणून ते उघडलेले नाही. १९९१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने असा निर्णय घेतला की, यापुढे ज्या नव्या खेळाला ऑलिंपिकमध्ये स्थान हवे असेल, त्याने महिलांच्या स्पर्धाही घेतल्या पाहिजेत. जपानमधील हौशी सुमोच्या धुरीणांना ऑलिंपिक हवे होते. तेव्हा १९९६ साली महिलांसाठी स्वतंत्र संघटना उभी राहिली आणि ‘शिन-सुमो’, म्हणजे नवा सुमो, या नावाने स्त्रियांना रिंगणात आणण्यात आले. ऑलिंपिक समितीने सुमोच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला १९९८ साली तात्पुरती आणि २०१८ साली पूर्ण मान्यता दिली. ऑलिंपिकचे दार मात्र उघडले नाही. टोकिओच्या ऑलिंपिकसाठी २०१५ साली ज्या २६ संघटनांनी अर्ज केले, त्यांत सुमो होता. निवडलेल्या आठांच्या यादीत तो नव्हता.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, हक्क हे पुष्कळदा हितसंबंधांच्या गणितातून मिळतात, आणि तसे मिळाले म्हणून त्यांची किंमत कमी होत नाही. गिरणीमालकाने यंत्रे बंद पडू नयेत म्हणून दिलेली सुटीसुद्धा कामगाराची सुटीच असते. दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. जो हक्क दुसऱ्याच्या गणितातून मिळतो, तो त्या गणिताला पुरेल एवढाच मिळतो. ऑलिंपिकच्या अर्जासाठी स्त्रिया रिंगणात दिसणे आवश्यक होते. रिंगणावर त्यांचा चरितार्थ चालणे आवश्यक नव्हते. म्हणून त्या दिसल्या. चरितार्थाचे कोणी पाहिले नाही.

आता पहिल्या घराकडे वळू. व्यावसायिक सुमोच्या चौथऱ्याला दोह्यो म्हणतात. तो पवित्र मानला जातो, आणि स्त्रीच्या स्पर्शाने त्याचे पावित्र्य भंगते अशी समजूत आहे. आपल्याकडील ‘विटाळ’ या शब्दाने जे सांगितले जाते, नेमके तेच. १९७८ साली मुलांच्या एका सुमो स्पर्धेत दहा वर्षांची मुलगी अंतिम फेरीला पात्र ठरली. ती फेरी व्यावसायिक सुमोच्या वास्तूत होणार असल्याने तिला तेथे उतरू दिले नाही. श्रम मंत्रालयातील अधिकारी मोरियामा मायुमी यांनी त्यावर निषेध नोंदवला. याच मोरियामाबाई पुढे मंत्रिमंडळाच्या मुख्य सचिव झाल्या, आणि १९९० साली पंतप्रधानांच्या वतीने विजेत्याला चषक देण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली, तेव्हा त्यांनाही नकार मिळाला. २००० साली ओसाकाच्या राज्यपाल ओता फुसाए यांना स्वतःच्याच पदाच्या नावाचा पुरस्कार चौथऱ्यावर जाऊन देता आला नाही.

या परंपरेचा कळस २०१८ च्या एप्रिलमध्ये माइझुरु या गावी झाला. दोह्योवर भाषण करीत असताना तेथील महापौर कोसळले. प्रेक्षकांतून एक परिचारिका आणि आणखी काही स्त्रिया धावत वर गेल्या आणि त्यांनी हृदयावर दाब देण्याचे उपचार सुरू केले. त्या क्षणी ध्वनिक्षेपकावरून पंचाने घोषणा केली, स्त्रियांनी दोह्योवरून खाली उतरावे. पुढे सुमो संघाच्या अध्यक्षांनी क्षमा मागितली, आणीबाणीचा प्रसंग अपवाद ठरवला, पण नियम तसाच ठेवला. माणसाचा प्राण आणि मातीचे पावित्र्य यांत निवड करण्याची वेळ आली असता एखादी संस्था क्षणभर का होईना अडखळते, तेव्हा तिच्या परंपरेची परीक्षा झालेली असते.

महाराष्ट्रातील वाचकांना हे वाचून शनिशिंगणापूरचा चौथरा आठवल्याशिवाय राहणार नाही. तेथे स्त्रियांना चौथऱ्यावर जाण्यासाठी २०१६ पर्यंत, आणि तेही आंदोलन व उच्च न्यायालय यांच्या दडपणाने, वाट पाहावी लागली. तेव्हा जपानकडे बोट दाखवून हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. उलट विटाळाचे तर्कशास्त्र धर्म आणि देश यांच्या सीमा किती सहज ओलांडते, हे यावरून ध्यानी घ्यावे.

शिवाय ही परंपरा सांगितली जाते तितकी सनातन आहे काय? जपानचा प्राचीन इतिहासग्रंथ ‘निहोन शोकी’ आठव्या शतकातला. सुमो हा शब्द या ग्रंथात प्रथम येतो तो यूर्याकु सम्राटाच्या कथेत, आणि तेथे कुस्ती खेळतात त्या दरबारातील स्त्रिया! एदो काळात स्त्रियांच्या सुमोचे खेळ शहरांतून होत असत. एकोणिसाव्या शतकात मेइजी राजवटीने पाश्चात्त्यांच्या नजरेत सभ्य दिसण्याच्या खटाटोपात त्यांवर बंदी आणली. १९०९ साली टोकिओत सुमोसाठी मोठी वास्तू उभी राहिली, तिला ‘कोकुगिकान’, म्हणजे राष्ट्रीय खेळाचे भवन, असे नाव देण्यात आले, आणि सुमो राष्ट्राच्या प्रतिष्ठेचे प्रतीक बनला. परंपरा म्हणून जे आपल्यापुढे ठेवले जाते, त्यातील किती भाग आजोबांचा आणि किती भाग कालच्या कारभाऱ्यांचा, हे तपासून पाहण्याची सवय कार्यकर्त्यांनी अंगी बाणवली पाहिजे.

परदेशीयांच्या बाबतीतही पहिल्या घराचे धोरण असेच संकोचाचे आहे. १९९२ साली हौशी सुमो जगाला आमंत्रण देत होता. त्याच वर्षी व्यावसायिक संघाच्या नव्या अध्यक्षांनी परदेशी मल्लांच्या संख्येला आळा घालण्याची भाषा केली, आणि पुढील सहा वर्षे एकही नवा परदेशी मल्ल घेतला गेला नाही. २००२ पासून एका तालमीत एकच परदेशी, असा नियम आहे. तरीही हौशी स्पर्धांतून वाट काढीत परदेशी मल्ल तेथे पोहोचतातच. युक्रेनमधील विन्नित्सिया शहराचा एक मुलगा २०१९ साली जपानमधील साकाइ येथील जागतिक कुमार स्पर्धेत तिसरा आला. तेथे त्याची कान्साइ विद्यापीठाच्या सुमो मंडळातील एका विद्यार्थ्याशी मैत्री झाली. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. कुटुंब जर्मनीत आश्रयाला गेले आणि मुलाने त्या जपानी मित्राकडे मदत मागितली. मित्राच्या घराने त्याला आसरा दिला. आज तो आओनिशिकी आराता या नावाने ओळखला जातो. त्यातील ‘आराता’ हे त्या मित्राचेच नाव. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याने व्यावसायिक सुमोतील आपले पहिले अजिंक्यपद मिळवले आणि त्याला ओझेकी या दुसऱ्या क्रमांकाच्या श्रेणीवर बढती मिळाली. कुमारांची एक हौशी स्पर्धा, तेथे जुळलेला स्नेह, आणि त्यातून युद्धाच्या तडाख्यातून वाचलेले एक आयुष्य! आंतरराष्ट्रीयता ही केवळ ठरावांतून सांगण्याची गोष्ट नव्हे, याचा याहून चांगला दाखला कोणता द्यावा?

परंतु त्याच महिन्यातील दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०२५ च्या ऑक्टोबरात ताकाइची सानाए या जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. त्यांच्या राजकारणाशी आपले जमण्यासारखे फार थोडे आहे; पण तो येथे प्रश्न नाही. नोव्हेंबरच्या स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी त्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी परदेशी होत्या, म्हणून पंतप्रधानांचा चषक कोणी द्यावा याचा पेच त्या दिवशी टळला. नियम मात्र टळलेला नाही. परक्या देशातून आश्रयाला आलेला तरुण ज्या चौथऱ्यावर अजिंक्य ठरतो, त्यावर देशाच्या पंतप्रधानांना, त्या स्त्री आहेत म्हणून, पाऊल ठेवता येत नाही.

आणि आता अर्थकारण. पुरुष मल्लाला हौशी सुमो ही शिडी आहे. ओनोसातो हा विद्यापीठात शिकत असताना दोनदा राष्ट्रीय हौशी विजेता झाला. त्या बळावर तो व्यावसायिक सुमोत खालच्या पायऱ्या ओलांडून वर दाखल झाला आणि २०२५ साली योकोझुना, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचा मल्ल, बनला. २०१९ च्या वाढीनंतर योकोझुनाला दरमहा ३० लाख येन, तर पगारी मल्लांतील सर्वांत खालच्या श्रेणीला ११ लाख येन वेतन आहे. स्त्रीला अशी शिडी नाही. तिच्यासाठी हौशी सुमो हाच जिना आणि हेच छप्पर. आओमोरीतील आजिगासावा या गावची कोन हियोरी लहानपणापासून सुमो खेळली आणि जागतिक स्पर्धांपर्यंत पोहोचली. तिच्यावरील २०१८ च्या माहितीपटाने हीच कोंडी जगापुढे मांडली: विद्यार्थिदशा संपली की पुरुषापुढे व्यवसाय उभा असतो, स्त्रीपुढे निवृत्ती.

असे असता स्त्रियांना व्यावसायिक सुमोत प्रवेश द्या, एवढी मागणी करून थांबावे काय? माझ्या मते नाही. कारण त्या घराच्या आतली व्यवस्था आदर्श नाही. सुमारे सहाशे मल्लांपैकी मासिक वेतन मिळते ते फक्त वरच्या सत्तर जणांना. उरलेले तालमीत राहतात, तेथेच जेवतात, वरिष्ठांची सेवा करतात आणि स्पर्धेगणिक मिळणाऱ्या अल्प भत्त्यावर वरच्या श्रेणीची वाट पाहतात. २००७ साली एका तालमीत सतरा वर्षांच्या शिकाऊ मल्लाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि तालमीच्या चालकाला तुरुंगात जावे लागले. ज्याला गुरुकुल म्हणून गौरवले जाते, त्यात वेठबिगारीचा अंश किती, हेही मोजले पाहिजे.

एवंच, एका घरात लोकशाही आहे पण भाकरी नाही. दुसऱ्या घरात भाकरी आहे, तीही मोजक्यांना, पण लोकशाही नाही. 

‘हौशी’ या शब्दाचा जन्मच मुळी वर्गभेदातून झाला आहे. इंग्लंडमध्ये हेन्ले येथील नौकास्पर्धेसाठी १८७९ साली हौशी खेळाडूची जी व्याख्या ठरली, तिने कारागीर आणि मजूर यांना सरळ वगळले. हातांनी काम करणाऱ्याच्या अंगी बळ येते आणि तो धनिकाच्या मुलाला हरवतो, हे त्यामागचे दुखणे! मोबदला न घेता खेळणे हा सद्गुण ठरवला गेला तो ज्यांना मोबदल्याची गरज नव्हती त्यांच्याकडून. ती व्याख्या गेली, परंतु तिची सावली उरली आहे. ज्या खेळात पैसा नाही, तेथे प्रवासाचा, आहाराचा आणि सरावाचा खर्च खेळाडूच्या घराने सोसावयाचा असतो. आणि ज्याच्या घरी तो सोसण्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी उघडे दारही बंदच असते. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना लोकवर्गणीचा आधार घ्यावा लागला, ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो. खरे तर ती शासनाच्या संदर्भात लाजेने सांगावयास हवी. मुंबईच्या हेतल दवे हिचे उदाहरण तर थेट सुमोतलेच. २००८ साली लिम्का बुकने भारताची पहिली महिला सुमो मल्ल म्हणून तिची नोंद घेतली, आणि २००९ साली ती तैवानमधील स्पर्धेत उतरली. देशात सरावासाठी स्त्री प्रतिस्पर्धी मिळत नसल्यामुळे तिला पुरुषांशी झुंजावे लागे. तिच्या जीवनावर ‘सुमो दीदी’ हा चित्रपट निघाला आणि २०२३ साली तो टोकिओच्या महोत्सवात दाखवला गेला. वृत्तपत्रे तिला ‘व्यावसायिक’ सुमो मल्ल म्हणतात. पण स्त्रियांचा व्यावसायिक सुमो जगात अस्तित्वातच नाही. व्यवसायाशिवायचे हे व्यावसायिकत्व म्हणजे कौतुक पुष्कळ आणि मोबदला शून्य.

यावर दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला, व्यावसायिक सुमो हा धर्मविधी आहे, त्यात बाहेरच्यांनी ढवळाढवळ करू नये. याला उत्तर असे की, जपान सुमो संघ हा २०१४ पासून कायद्याने सार्वजनिक हिताची संस्था म्हणून नोंदलेला आहे आणि त्या दर्जाबरोबर येणाऱ्या करसवलती त्याला लागू आहेत. जो कर माफ होतो तो अखेर सर्व नागरिकांच्या खिशातून जातो, आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. सार्वजनिक हिताच्या नावाने सवलत घ्यावयाची आणि अर्ध्या जनतेला चौथऱ्याखाली उभे करावयाचे, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. दुसरा आक्षेप बाजाराचा: स्त्रियांच्या सुमोला प्रेक्षक नाहीत, मग पैसा येणार कोठून? परंतु प्रेक्षक हे आकाशातून पडत नाहीत. पुरुषांच्या सुमोला घरोघर पोहोचवले ते नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांवरील दीर्घकालीन प्रक्षेपणाने, आणि ते करणारी संस्था लोकांच्या शुल्कावर चालणारी सार्वजनिक संस्था आहे. ज्याला मंच दिला, वेळ दिला, प्रतिष्ठा दिली, त्याला बाजार मिळाला. मागणी अगोदर की पुरवठा, हा वाद मी आयुष्यभर वर्गात शिकवला. पण ज्या मालाला दुकानात ठेवलेच नाही, त्याला गिऱ्हाईक नाही असे म्हणणारा दुकानदार मला पुस्तकात कोठे भेटला नाही.

म्हणून मागणी दुहेरी हवी. हौशी सुमोचे नियम, म्हणजे वजनगट, स्त्री-पुरुषांना सारखे स्थान आणि देशांची समान प्रतिष्ठा, हे या खेळाचे सर्वमान्य नियम झाले पाहिजेत. आणि त्याच वेळी हौशी खेळाडूंना, विशेषतः स्त्रियांना, नोकरीची हमी, सरावासाठी भरपगारी रजा, प्रशिक्षकाची पदे आणि प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील वाटा मिळाला पाहिजे. चौथऱ्यावर चढण्याचा हक्क हा या लढ्याचा पहिला अर्धा भाग आहे. तो क्षुल्लक नाही. पण तेवढ्यावर समाधान मानले तर उरलेला अर्धा भाग कायमचा राहून जातो.

आपल्या कार्यकर्त्यांना यातून घेण्यासारखा धडा साधा आहे. गावातील तालमीत मुलींना प्रवेश मिळाला, सहकारी संस्थेच्या संचालक मंडळात दलित सभासद निवडून आला, अशी बातमी आली की आपण सत्कार करतो, आणि तो केलाच पाहिजे. परंतु सत्काराच्या सभेतच आणखी काही प्रश्न विचारावेत: त्या मुलीच्या खुराकाचा खर्च कोण करतो? संध्याकाळी सराव संपल्यावर तिला घरी पोहोचवणारी एस. टी. आहे काय? त्या संचालकाला बैठकीला येण्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते काय? या प्रश्नांची उत्तरे मिळवण्याचे काम सभा उठल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते, आणि ते आपल्यापैकीच कोणाला तरी करावे लागते.